‘बसतला ओ!’ : पद्मिनी-ॲम्बेसेडरचा विजेचा माल कोकणात घेताना

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत हायवेला लागून ऑटो इलेक्ट्रिकची जी जुनी दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या फळीवर अजून पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचा माल निघतो. धूळ झटकून खोका पुढे येतो, खोक्यावर गाडीचं नाव छापलेलं असतं, आणि काउंटरवरून छातीठोक आश्वासन मिळतं, ‘बसतला ओ, काय्येक होवचा नाय.’ बसतो खरा. पण बहुतेक वेळा तेवढंच करतो. हा आढावा त्या मालाचा आणि त्याच्या जोडीने मिळणाऱ्या वाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या गुंडाळ्या नव्या तारेने भरण्याच्या, कामाचा आहे.

निकाल आधीच सांगतो. तार, थिम्बल (तारेच्या टोकाची धातूची कडी), रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), बल्ब आणि कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज नेणारा ठोकळा) इथेच घ्या, लांब जायची गरज नाही. कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा) मीटर लावूनच घ्या. फ्यूज आणि फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा) नीट बघून. नवा कटआऊट (डायनॅमोच्या चार्जिंगवर ताबा ठेवणारी डबी) आणि रिव्हेटवाला रोटर (प्लगना वीज वाटणारा फिरता तुकडा) शक्यतो नकोच; जुना दुरुस्त होत असेल तर तोच करा. आणि डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) व सेल्फ (स्टार्टर मोटर) यांच्या वाइंडिंगला मुंबईला पाठवायची घाई करू नका, बंदरावर त्याहून चांगले हात आहेत.

खोक्यावरच्या नावावर विसंबून घेतलेला पार्टच जास्त वेळा चुकतो. ‘ॲम्बेसेडर’ म्हणजे एक गाडी नव्हे. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, त्याच मापाचं डिझेल, नंतर इसुझूचं १८०० पेट्रोल. २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत एकाच नावाखाली किती डेल्को (ठिणगी प्लगांना वाटणारे डिस्ट्रिब्युटर), किती सेल्फ आणि किती चार्जिंगच्या तऱ्हा होऊन गेल्या. पद्मिनीतही आधी डायनॅमो, पुढे अल्टरनेटर, आणि १३७डी डिझेलचं सगळंच निराळं. त्यात या गाड्या आजवर चार-पाच मेकॅनिकच्या हातांखालून गेलेल्या. म्हणून दुकानात गाडीचं मॉडेल सांगू नका. जुना पार्ट काउंटरवर ठेवा आणि त्याच्या अंगावर ठोकलेला नंबर वाचून दाखवा. नंबर गंजाने खाल्ला असेल तर टर्मिनल किती, कोणत्या अक्षरांचे, बोल्टच्या भोकांमधलं अंतर किती, आटे कोणते, हे चार प्रश्न पुरतात.

पाचवा प्रश्न अर्थचा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय त्याचा. जुन्या ॲम्बेसेडरमध्ये मॉरिसच्या वंशातून आलेली पॉझिटिव्ह अर्थ सापडते, पद्मिनी निगेटिव्ह अर्थची. बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेलीय ते घरून बघूनच निघा. बल्ब, हॉर्न, पॉइंट (डेल्कोतली उघडमीट करणारी टोकं), कंडेन्सर, फ्यूज आणि सेल्फ यांना त्याचं सोयरसुतक नसतं. अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिओ आणि एलईडी मात्र उलट जोडले की तिथल्या तिथे जळतात. कॉइल जळत नाही, पण ठिणगी उलटी पडते आणि प्लगवर जास्त व्होल्टेज लागतं. पावसाळ्यात सकाळी गाडी कुरकुरत सुरू होते त्यामागे कधीकधी एवढंच असतं. कॉइलवर प्लस आणि मायनस लिहिलेलं असेल, तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मायनस स्विचकडे आणि प्लस डेल्कोकडे जातो.

मालाच्या वयाबद्दलही एक. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पॉइंट, कंडेन्सर, कार्बन, रोटर हा रोजच्या झिजेचा माल टॅक्सीच्या जिवावर फिरत होता. आता फळीवर आहे तो बहुतांश पडून राहिलेला आहे असं समजूनच हातात घ्यावा. पितळ-तांब्याच्या वस्तूंना वयाने काही होत नाही. रबर, कागदाचा थर असलेला कंडेन्सर आणि उघड्या खोक्यात दमट हवा खाल्लेले स्विच यांना होतं.

डेल्कोचा माल

पॉइंटचा सेट हातात आला की सगळे आधी टोकं बघतात. आधी टाच बघा, म्हणजे कॅमवर घासणारा तो छोटा ठोकळा. चांगल्या सेटमध्ये तो घट्ट, तपकिरी फायबरचा असतो, नखाने ओरखडा पडत नाही. डुप्लिकेटमध्ये मऊ प्लॅस्टिक येतं. ते काही दिवसांतच झिजतं, गॅप मिटत जातो, टायमिंग मागे पडतं, आणि गाडी घाटात तापायला लागली की रेडिएटरवर संशय घेतला जातो. त्यानंतर सेट उजेडासमोर धरून टोकं मिटवा: दोन्ही तोंडं सपाट भिडायला हवीत, कडेकडेने नव्हे. ल्युकस (ब्रिटिश इलेक्ट्रिक कंपनी) २५डी४ या ॲम्बेसेडरच्या पेट्रोल इंजिनवर दिसणाऱ्या डेल्कोत गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवतात. पद्मिनीच्या डेल्कोचा गॅप त्याच्या नंबरप्रमाणे बघा, हा आकडा डोळे मिटून तिकडे लावू नका. कॅमवर ग्रीस बोटाच्या टोकाएवढंही नको, काडीच्या टोकाएवढं बास.

नवा पॉइंट टाकल्यावर ठिणगीच नाही, ही तक्रार नेहमीची, आणि दहापैकी आठ वेळा माल निर्दोष असतो. सुट्या भागांच्या सेटमध्ये कॉइलकडून आलेली वायर, कंडेन्सरची वायर आणि स्प्रिंगचं टोक हे तिन्ही एकमेकांना टेकायला हवेत, पण खालच्या खुंटीला नाही. त्यासाठी खुंटीवर प्लॅस्टिकची टोपी-बुश असते. थिम्बल तिच्या बाहेरून जाऊन नटाखाली दाबली गेली की सगळं कायमचं अर्थ. हा बुश सेटसोबत आलाय का ते पाकीट उघडून बघा. नसेल तर जुना फेकू नका.

कंडेन्सर साधारण ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरडचा लागतो. मल्टिमीटरला कपॅसिटीची रेंज असेल तर एक टोक वायरला, दुसरं कंडेन्सरच्या पत्र्याला. दहा सेकंदांत उत्तर मिळतं. आकडा बरोबर आला तरी ओहमवर लावून बघा: काटा किंवा आकडा क्षणभर हलून पुन्हा अनंताकडे जायला हवा. रेझिस्टन्स दाखवत राहिला तर गळका आहे, परत द्या. जुन्या साठ्यातला कंडेन्सर थंड असताना बरा आणि गरम झाला की मेलेला, असं सर्रास होतं. म्हणून दुकानाबाहेर उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाच मिनिटं ठेवून पुन्हा मोजला तर दुकानदार हसेल, हसू द्या.

रोटर हा या सगळ्या फळीवरचा सर्वात वाईट माल. वरची पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते, रिव्हेटचं खालचं टोक शाफ्टच्या अगदी जवळ पोचतं, मधे नावापुरतं बेकलाइट. थोडा ओलावा आला की एचटीची (हाय टेन्शन) वीज पट्टीवरून प्लगकडे जायचं सोडून रिव्हेटमधून शाफ्टमध्ये उतरते. इंजिन चालता चालता गप्प होतं, थंड झाल्यावर सुरू होतं, आणि लोक पेट्रोल पंप बदलतात. तपासायला सोपं आहे. कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा, कॉइलची एचटी वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या मधल्या पितळापासून ३ मि.मी. वर धरा, इग्निशन चालू करून पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने उघड-मीट करा. एखादी बारीक ठिणगी दिसली तर ठीक. दर वेळी जाड ठिणगी उडत असेल तर वीज रोटरमधून खाली जातेय. पट्टी आतच ओतलेली, रिव्हेट नसलेली बनावट मिळाली तर दोन घेऊन ठेवा.

कॉइलमध्ये गंमत वेगळी. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास येतो, बॅलास्टवाल्या (बाहेर वेगळा रेझिस्टर लागणाऱ्या) कॉइलचा १.५ च्या आसपास. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हीवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं. बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीडवाली लावली तर प्रवाह दुप्पट, पॉइंट निळे पडतात, कॉइल हात लावू देत नाही. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. तीन ओहमच्या कामाला अर्ध्या ओहमची चूक महागात पडते.

डायनॅमो, कटआऊट आणि बंदरावरचे वाइंडर

गाडी चार्ज करत नाही म्हटलं की कटआऊटचं खोकं बाहेर येतं, कारण तो विकणं सोपं असतं. घेण्याआधी दोष डायनॅमोत की कटआऊटमध्ये, एवढं गाडीवरच ठरवा. डायनॅमोवरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढा, दोन्ही टर्मिनल तांब्याच्या तुकड्याने एकत्र जोडा, व्होल्टमीटरचं एक टोक त्यांना आणि दुसरं डायनॅमोच्या अंगाला. इंजिन आयडलवरून हळूहळू वर न्या. व्होल्टेज झटकन चढायला हवं. २० व्होल्टला थांबा, रेस करत बसू नका. काहीच आलं नाही तर कार्बन. अर्धा-एक व्होल्टवर अडकलं तर फील्ड कॉइल (अंगातली स्थिर गुंडाळी). चार-पाचवर अडकलं तर आर्मेचर (मधली फिरती गुंडाळी). व्यवस्थित चढलं तर डायनॅमो निर्दोष, पुढे कटआऊट आणि वायरी बघा. बेल्ट ढिला असेल तर ही सगळी चाचणी फसवते, तो आधी घट्ट करा.

ल्युकसच्या नमुन्याचा आरबी१०६ कटआऊट नवा घेतला तर काय मिळतं ते झाकण काढून बघण्यासारखं आहे. वर दोन गुंडाळ्या, दोन्हींवर एकेक पत्र्याची जीभ, एक रेग्युलेटर आणि एक खरोखरचा कटआऊट. चांगल्यात ॲडजस्टमेंट स्क्रूला लॉकनट असतो, टोकं पांढऱ्या धातूची, आणि डी-एफमधला रेझिस्टर भक्कम गुंडाळीचा. डुप्लिकेटमध्ये लॉकनटऐवजी लाल रंगाचा ठिपका, आणि टोकं सरळ पितळी. पितळी टोकं खाऱ्या हवेत काळवंडली की रेग्युलेटर ‘उघडा’ राहतो आणि चार्जिंग जातं. चिकटली तर उलट, बॅटरीचं पाणी उकळतं. काउंटरवर एक परीक्षा करता येते: रेग्युलेटरच्या टोकांमध्ये कागदाचा कपटा सरकवा आणि डी-एफ मोजा. ६० ओहमच्या आसपास यायला हवं. कागद काढल्यावर जवळजवळ शून्य. कागद नसतानाही दहा-वीस ओहम आले तर टोकंच काळी आहेत.

म्हणून आमचं मत जुन्याच्या बाजूने. बॉबिन जळलेली नसेल तर जुन्या कटआऊटची टोकं बारीक पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसून, सेटिंग करून घेणं नव्यापेक्षा टिकतं. सेटिंग करणाऱ्याला विचारा, कसं करतो. कटआऊटच्या ए आणि ए१ टर्मिनलच्या वायरी काढून आपसात जोडल्यात, मीटर डी आणि ई (अर्थ) वर लावलाय, इंजिन हळूहळू वर नेलंय, आणि काटा थरथरून १६ व्होल्टच्या जरा वर स्थिर झालाय, असं उत्तर आलं तर माणूस जाणकार. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं असतं. गुंडाळी तापली की आकडा बदलतो आणि तापलेल्या आकड्यावर केलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी चुकतं. बॅटरी जोडलेली ठेवून १४ व्होल्टला स्क्रू पिळणारा भेटला तर नमस्कार करून निघावं.

वाइंडिंगचं काम करणारे हात मात्र किनाऱ्यावर खरंच चांगले आहेत, आणि याचं कारण मासेमारी. मिरकरवाडा, हर्णै, देवगड अशा बंदरांच्या आसपास ट्रॉलरच्या इंजिनांचे सेल्फ आणि अल्टरनेटर सतत खाऱ्या पाण्याने मरत असतात. आर्मेचर भरणं हे तिथलं रोजचं काम. फक्त त्यांना सवय मोठ्या, अनेकदा २४ व्होल्टच्या मशीनची. आपला १२ व्होल्टचा डायनॅमो देताना तारेचा गेज आणि फेरे जुन्याप्रमाणेच, हे कागदावर लिहून द्यावं. सी४० नमुन्याच्या डायनॅमोच्या फील्डचा रेझिस्टन्स ६ ओहमच्या आसपास असतो. परत घेताना तो मोजा. तीन आला तर कटआऊटची टोकं महिनाभरही टिकणार नाहीत.

परत घेताना बघायच्या आणखी तीन गोष्टी, आणि तिन्हीत चूक होते. डायनॅमोच्या कम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या कड्याच्या) पट्ट्यांमधला अभ्रक सुमारे ०.८ मि.मी. खोल कोरलेला हवा, नाहीतर कार्बन अभ्रकावर उड्या मारतो. ल्युकसच्या सेल्फच्या कम्युटेटरमध्ये अभ्रक कोरायचा नसतो. सवयीने दोन्ही कोरले जातात. दुसरं, मागचा बुश: तो सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो. घाईत लेथवर घट्ट पितळेचा बुश कातून दिला जातो. तो तेल धरत नाही, शाफ्ट खातो, आणि आर्मेचर फील्डला घासून नवं वाइंडिंग जातं. तिसरं, कार्बन. डायनॅमोचा कार्बन काळा, सेल्फचा तांबूस, कारण त्यात तांब्याचा अंश जास्त असतो. मापाने सारखा दिसतो म्हणून एकाचा दुसऱ्यात घालू देऊ नका. इनर्शिया सेल्फच्या बेंडिक्सवर (पिनियन हे दातेरी चाक झटक्याने पुढे सरकवणाऱ्या भागावर) ग्रीस चोपडून देणारेही आहेत, प्रेमापोटी. ते रॉकेलने धुऊन कोरडं ठेवायचं असतं. ग्रीसमध्ये क्लचची भुकटी बसते आणि पिनियन फ्लायव्हीलपर्यंत जातच नाही.

डायनॅमो परत बसवल्यावर सुरू करण्याआधी त्याला दिशा द्यावी लागते. एफ टर्मिनलची वायर काढून ठेवा, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावरून आणलेली वायर एफ टर्मिनलला दोन-तीनदा नुसती टेकवा. बारीक ठिणगी दिसते, बास. हे राहिलं तर उलट चार्ज होतो आणि नव्या कटआऊटचा पहिल्याच दिवशी बळी जातो.

२०२१ च्या २२ जुलैच्या पुरात चिपळुणात ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांचे डायनॅमो किंवा सेल्फ सेकंडहँड म्हणून कुणी दाखवले तर मागची पट्टी उघडून बघा. फील्डच्या कापडी पट्टीत गाळ बसलेला असेल तर नुसतं धुऊन ते सुधारत नाही.

फ्यूज, फ्लॅशर, बल्ब

फ्यूजमध्ये एक जुना सापळा आहे. ल्युकसच्या काचेच्या फ्यूजच्या आत कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावर ३५ अँपिअर. हा आकडा फ्यूज वितळण्याचा. सलग वाहून नेण्याचा त्याचा प्रवाह जेमतेम १७. बाजारात मिळणाऱ्या साध्या काचेच्या फ्यूजवर छापलेला ३५ हा सलग वाहण्याचा असतो. ‘पस्तीसचा द्या’ म्हणून तो लावला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत आणि वायरिंग जळलेलं. ल्युकसच्या खाचेत साधा फ्यूज बसवायचा तर १५ चा मागा. लांबीही बघा: ल्युकसचा सुमारे ३० मि.मी., दुसरा ३२. दोन मिलिमीटरने क्लिप फाकते आणि पुढच्या वेळी योग्य फ्यूजही ढिला बसतो.

पद्मिनीत फियाटच्या पद्धतीचा, टोकदार बुडाचा, वर धातूची पट्टी असलेला फ्यूज येतो. पिवळा ५, पांढरा ८, तांबडा १६, निळा २५ अँपिअर. अंग सिरॅमिकचं आहे की प्लॅस्टिकचं ते नखाने वाजवून कळतं. सिरॅमिकचाच घ्या, प्लॅस्टिकचा गरम होऊन वाकतो आणि पट्टी ताणातून सुटते. आणि दिवे मंद झाले तर नवा घेण्याआधी जुना जागच्या जागी दोन-चार वेळा फिरवा. निम्म्या वेळा फक्त टोकाला चढलेला कळक असतो.

फ्लॅशरच्या बाबतीत खोका वाचणं उपयोगाचं. ल्युकसच्या टर्मिनलवर बी, एल, पी. दुसऱ्या पद्धतीत ४९, ४९ए आणि तिसरा एकतर सी किंवा ३१. बी म्हणजे ४९, एल म्हणजे ४९ए. पी आणि सी हे डॅशबोर्डच्या दिव्याचे, ३१ हा अर्थचा. तिसरा टर्मिनल ‘तिथेच असणार’ म्हणून जोडला की इंडिकेटर चालत नाही किंवा दिव्याची वायर जळते. थर्मल फ्लॅशर २१-२१ वॅटच्या दोन बल्बांच्या भारावर मोजलेला असतो, म्हणजे ४२ वॅट. एलईडी घातले की भार उरत नाही आणि तो टिकटिक करायचंच थांबवतो. हा दोष फ्लॅशरचा नाही. एलईडी हवेच असतील तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, अर्थची दिशा बघून.

मागच्या दिव्याचा २१/५ वॅटचा बल्ब घेताना दोन्ही पिना खालीवर आहेत ना ते बघा. समोरासमोर पिनांचा बल्ब दाबून बसतो, पण उलटा. मग टेललाइट ब्रेकसारखी पेटते आणि ब्रेकचा दिवा टेलसारखा मंद लागतो. पिना कानशीने घासून ‘बसवून’ दिलेला बल्ब तर घेऊच नका.

पुढच्या ७ इंची हेडलाइटमध्ये जुना ४५/४० वॅटचा की नवा ६०/५५ चा हॅलोजन, हा वाद हिशोबानेच सुटतो. समजा डायनॅमो २२ अँपिअरचा आहे. हॅलोजनची अपर बीम १०, टेल-साइड-नंबर-मीटरचे दिवे मिळून अडीच, इग्निशन अडीच, वायपर तीन, अठरा झाले. ब्रेक दाबला की साडेतीन वाढून साडेएकवीस. कशेडी घाटात पावसातल्या रात्री रांगेत उतरताना इंजिन खालच्या फेऱ्यांवर असतं, तेव्हा डायनॅमो २२ देतच नाही. उरलेलं बॅटरी भरते, आणि खेडला पोचेपर्यंत हॉर्नचा आवाज बसतो. ४५/४० च्या जोडीला साडेसात लागतात. डायनॅमो ठेवायचा असेल तर जुनेच बल्ब, हॅलोजन हवेत तर अल्टरनेटर. १००/९० वॅटचे बल्ब विकायला ठेवलेले दिसतात. जोडीला साधारण १७ अँपिअर, डिपर स्विच वितळवायला पुरेसे. ६०/५५ लावले तरी मधे दोन रिले हवेतच: रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला बॅटरीकडून फ्यूज घालून वायर, ८७ दिव्याकडे, ८६ आणि ८५ जुन्या स्विचच्या वायरीला आणि अर्थला. रिले कुठलाही चांगला चालतो, गाडीच्या नावाचा लागत नाही.

अल्टरनेटर लावणाऱ्यांसाठी एवढंच: जुना कटआऊट सर्किटमधून पूर्ण बाहेर काढा, बॅटरीची वायर किमान ६ चौ.मि.मी.ची ओढा, आणि चार्जिंगच्या लाल दिव्यात एलईडी घालू नका. त्या २.२ वॅटच्या बल्बातून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागा करतो.

तार आणि अर्थ

इथे मात्र किनाऱ्याचा फायदा आहे. बोटींच्या सामानाच्या दुकानांत कल्हईची तांब्याची तार विचारून बघा; साधी तार खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून कळकत जाते, टोकाला पाव इंच कापलं तरी आत हिरवी-काळीच निघते, त्यावर सोल्डर धरत नाही. रंगांची निवड कमी मिळते ही अडचण खरी. टोकाला रंगीत टेप गुंडाळा, पण रंगांचा क्रम मोडू नका: ल्युकसच्या गाडीत तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल टेल-साइडची, काळी अर्थची.

माप गेजने न सांगता तारांच्या संख्येने मागा. १४/०.३० म्हणजे ०.३० मि.मी.च्या १४ तारा, १ चौ.मि.मी., सुमारे पावणेनऊ अँपिअर, टेललाइट-इंडिकेटरला पुरते. २८/०.३० साडेसतराला, हेडलाइटला. ४४/०.३० साडेसत्तावीसला, डायनॅमोच्या मुख्य वायरीला. काउंटरवर टोक सोलून मोजा. मग ब्लेडने एक तार खरवडा: वर पांढरी आणि आत तांबडी निघाली तर कल्हईची, वर तांबडी आणि आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती कुणी फुकट दिली तरी नको.

बुलेट कनेक्टर (तारेच्या टोकाची गोळीसारखी पिन) ल्युकसचा ४.७ मि.मी.चा; मोटारसायकलचा साधारण ४ मि.मी.चा, तोही त्याच नळीत जातो आणि ढिला राहतो. जुन्या नळीचा रबर चिरून बघा: आत हिरवट पूड आणि मीठ साठलेलं असतं, कारण रबर ओलावा बाहेर जाऊ देत नाही. नव्या नळीत जोडण्याआधी पेट्रोलियम जेली भरा. अर्थच्या थिम्बलला उलट क्रम: आधी पत्रा घासून चकचकीत, दातेरी वॉशर, घट्ट पिळा, आणि मग वरून जेली.

कुठलाही पार्ट ‘गेला’ असं ठरवण्याआधी ही एक मोजणी करा. दिवा चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला, दुसरं होल्डरच्या पत्र्याला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दुकानात जायची गरज नाही, अर्थ खराब आहे. सेल्फ फिरवताना बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर केबल. पेट्रोल आणि तापमानाचे काटे दोन्ही एकदमच वर चढलेले दिसले आणि गाडीत १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असेल, तर त्याच्या अंगाचा अर्थ बघा, डॅशबोर्डचे नवे मीटर विकत घेऊ नका.

जे इथे मिळत नाही, ते मुंबईच्या ऑपेरा हाऊसकडून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या जुन्या मालातून एस.टी.ने वा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवता येतं. फोनवर नाव सांगून मागवू नका. टर्मिनलच्या बाजूचा, नंबरचा आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला असे तीन फोटो मागा. बहुतेक काउंटरवर ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आहेच, आणि दुकानदाराच्या जागी बसून बघितलं तर ती चूक नाही. उलट जोडून जाळलेला माल परत येतो. पण त्याच दुकानात चार्जिंगला लावलेली १२ व्होल्टची बॅटरी असते. फ्लॅशर, रिले, हॉर्न, वायपर मोटर तिच्यावर लावून दाखवा म्हटलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. वायपर मोटर मोकळी फिरताना पाच अँपिअरपेक्षा जास्त खात असेल तर घेऊ नका.

आणि ‘जुना ठेवून जा, नव्यात शंभर कमी करतो’ असं कुणी म्हटलं तर जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणा. पुढच्या वाइंडिंगला, पुढच्या बुशला आणि पुढच्या दुकानात नंबर वाचून दाखवायला तोच लागणार आहे.